ई-मेल आणि न्यायालयीन पुरावा : पत्र कोणी, केव्हा व कोठून पाठविले?

उज्जैनच्या वेधशाळेत सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेले सूर्ययंत्र आजही ऊन पडले की वेळ दाखविते. ही वेळ पाहणाऱ्याच्या मनगटावरील घड्याळाशी मात्र जुळत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि उज्जैन त्या रेषेच्या पश्चिमेस सुमारे पावणेसात अंशांवर आहे. त्यामुळे तेथील सूर्याची वेळ घड्याळापेक्षा सरासरी २७ मिनिटांनी मागे असते. प्राचीन भारतीय ज्योतिषी याच नगरीच्या मध्यरेषेपासून देशोदेशींचे अंतर मोजीत असत. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ साली या वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तेथे काम केले. वेळ सांगावयाची तर ती कोणत्या स्थळाची हेही सांगावे लागते, हा ज्योतिषातील धडा आता न्यायालयांतही गिरवावा लागत आहे. त्याचे कारण म्हणजे संगणकावरून जाणारे पत्र, अर्थात ई-मेल.

खरेदी-विक्रीचा करार, नोकरीवरून कमी केल्याचा आदेश, विमा कंपनीचा नकार, घरबांधणी संस्थेचे आश्वासन अशा अनेक गोष्टी आज कागदावर न येता ई-मेलने कळविल्या जातात. तंटा उद्भवला म्हणजे हीच पत्रे पुढे करावी लागतात आणि तेथे तीन प्रश्न विचारले जातात. पत्र कोणी पाठविले? ते केव्हा व कोठे पोचले? आणि आज दाखविला जात असलेला मजकूर मुळातलाच आहे काय?

टपाल, दूरध्वनी आणि खामगावची पेंड

हे प्रश्न नवे नाहीत. भारतीय संविदा अधिनियम १८७२ सालचा आहे आणि तो रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टपालाची थैली होती. स्वीकृतीचे पत्र टपालात पडले, म्हणजे पाठविणाऱ्याच्या हातून ते सुटले, की प्रस्ताव करणारा बांधला जातो, असा नियम त्यातून रूढ झाला. टपालाचा शिक्का तारीख सांगत असे आणि रजिस्टर पत्राची पोच स्वाक्षरीनिशी परत येत असे. न्यायालयांचे काम त्यामुळे पुष्कळ सुकर झाले होते.

दूरध्वनी आल्यावर अडचण उभी राहिली. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्सशी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. पुढे माल मिळाला नाही म्हणून पेढीने अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावकरांचे म्हणणे असे की, होकार आम्ही खामगावात बसून दिला, करार येथे झाला, तेव्हा अहमदाबादला खटला चालूच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली बहुमताने निर्णय दिला की, दूरध्वनीवर होकार जेथे ऐकू येतो तेथे करार होतो, म्हणून अहमदाबादचे न्यायालय योग्य होय. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले. नागपूर व नंतर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेल्या या विद्वान न्यायाधीशांच्या मते अधिनियमाचे शब्द दूरध्वनीलाही लागू होत होते आणि करार खामगावातच पुरा झाला होता. पेंडीच्या सौद्यावरून उठलेला हा वाद विधी महाविद्यालयांत आजही शिकविला जातो.

ई-मेल हा या दोहोंच्या मधला प्रकार आहे. तो पत्रासारखा लिहिला जातो आणि दूरध्वनीसारखा क्षणात पोचतो. त्यामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र नियम करणे भाग पडले. १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम १३ हा तो नियम होय. संगणकीय पत्र पाठविणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील यंत्रणेत शिरले की ते रवाना झाले. घेणाऱ्याने आपला विशिष्ट ई-मेल पत्ता नेमून दिला असेल, तर त्या पत्त्याच्या पेटीत पत्र शिरते त्या क्षणी ते पोचले. नेमून न दिलेल्या दुसऱ्याच पत्त्यावर पाठविले असेल, तर घेणाऱ्याने ते काढून घेतल्यावरच ते पोचले असे धरतात. आणि पत्ता मुळीच नेमून दिला नसेल, तर घेणाऱ्याच्या कोणत्याही पेटीत शिरताच ते पोचले. स्थळाचा नियमही याच कलमात आहे. पाठविणारा व घेणारा यांची जेथे व्यवसायाची जागा, तेथून पत्र निघाले व तेथे पोचले असे मानावयाचे, मग संगणक प्रत्यक्षात कोणत्याही देशात असो. उभयतांनी आपसात वेगळे ठरविले असेल तर अर्थातच ते लागू पडते.

या नियमातील ‘नेमून दिलेला पत्ता’ हे शब्द ग्रामीण वाचकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. बँकेच्या, विम्याच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात ई-मेलचा रकाना असतो. तो भरणे म्हणजे सामान्यतः आपला पत्ता नेमून देणेच होय. त्यानंतर त्या पेटीत आलेले पत्र उघडले नाही, ते नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात पडून राहिले, ही सबब टिकणे कठीण. आणि नेमक्या याच रकान्यात खेड्यापाड्यांतून मोठा घोटाळा होत असतो. अर्ज भरून देणारा केंद्रचालक वेळ वाचावा म्हणून आपलाच ई-मेल वा आपलाच मोबाइल क्रमांक टाकून मोकळा होतो. अर्जदाराला त्याची दादही नसते. नकाराचे पत्र येते ते चालकाच्या पेटीत आणि अपिलाची मुदत सुरू होते ती अर्जदाराची. केंद्रचालकाच्या सोयीखातर कोणीही आपल्या हक्काचा पत्ता दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

स्वाक्षरीवाचून करार

ई-मेलने झालेल्या कराराला कायद्याचे बळ आहे काय, याविषयी बरीच वर्षे शंका घेतली जात असे. २००९ साली माहिती तंत्रज्ञान अधिनियमात कलम १०-अ घालण्यात आले आणि केवळ संगणकीय साधन वापरले म्हणून करार अमान्य होणार नाही, हे स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांत अ‍ॅल्युमिनियम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा विचार केला. ऑस्ट्रेलियातून बॉक्साइटची पाच जहाजे भरून आणण्यासंबंधीचा प्रस्ताव १५ ऑक्टोबर २००७ रोजी ई-मेलने गेला आणि दुसऱ्या दिवशी ई-मेलनेच होकार आला. रीतसर करारपत्रावर मात्र कधीच सह्या झाल्या नाहीत. न्यायालयाने २२ जानेवारी २०१० रोजी असे ठरविले की, माल, भाव, परिमाण इत्यादी मुख्य बाबींवर एकमत झाल्याचे पत्रांतून दिसते, तेव्हा करार झाला आहे. औपचारिक कागद व्हावयाचा राहिला एवढ्याने तो मोडत नाही. वाद लवादाकडे सोपविण्यात आला. लवाद अधिनियमातही २०१५ च्या दुरुस्तीने ई-मेलच्या देवघेवीतून लवादाचा करार होऊ शकतो हे शब्दांनिशी नमूद झाले आहे.

एवढ्या मोठ्या व्यापाराशी सामान्य माणसाचा संबंध काय, असे वाटेल. समजा, उज्जैनजवळच्या एका गावातील शेतकऱ्याने सोयाबीनचे बियाणे पुण्याच्या एका कंपनीकडून मागविले. उगवण झाली नाही. त्याने कंपनीला ई-मेल केला व कंपनीच्या प्रतिनिधीने उत्तरात ‘त्या गठ्ठ्यातील बियाण्याविषयी आणखीही तक्रारी आहेत, पाहतो’ असे लिहिले. हे एक वाक्य त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने शंभर साक्षीदारांच्या बरोबरीचे आहे. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक होय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात मान्य केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला दाद मागता येते. म्हणजे पुण्यास न जाता त्याला उज्जैनच्या आयोगाकडे जाता येईल, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. ते उत्तर त्याने जपून ठेवले असेल तरच या सर्वाचा उपयोग.

जपून ठेवणे म्हणजे काय, हे येथे नीट सांगितले पाहिजे. बहुतेक लोक पत्राचे मोबाइलवर छायाचित्र काढतात आणि मूळ पत्र पुसून टाकतात, किंवा ते मुलाला, पुतण्याला पुढे धाडतात व पुढे धाडलेली प्रतच दाखवितात. या दोन्ही रीतींत पत्राचा लिफाफाच हरवतो. प्रत्येक ई-मेलच्या मागे एक मजकूर दडलेला असतो. संगणकाच्या परिभाषेत त्याला ‘हेडर’ म्हणतात. पत्र कोणत्या यंत्रणेतून निघाले, वाटेत कोणकोणत्या ठाण्यांवर गेले, प्रत्येक ठिकाणी किती वाजता नोंद झाली आणि पत्राचा स्वतःचा क्रमांक कोणता, हे सर्व त्यात असते. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ या पर्यायाखाली तो पाहता येतो. टपालखात्याच्या शिक्क्यांनी भरलेल्या लिफाफ्यासारखाच हा प्रकार आहे. तो मूळ पेटीतील मूळ पत्रालाच चिकटलेला असतो. छायाचित्रात तो नसतो आणि पुढे धाडलेल्या प्रतीवर नवे शिक्के पडतात.

याच हेडरमध्ये तारखेपुढे ‘+०५३०’ अशी खूण आढळते. जागतिक प्रमाणवेळेपेक्षा भारताची वेळ साडेपाच तासांनी पुढे आहे, एवढाच तिचा अर्थ. परंतु काही यंत्रणा आपली नोंद जागतिक वेळेत करतात आणि तेथे फसगत होते. भारतात १ एप्रिलच्या पहाटे साडेचार वाजता आलेले पत्र अशा नोंदीत ३१ मार्चच्या रात्री अकरा वाजताचे दिसेल. आर्थिक वर्षाची अखेर, निविदेची मुदत, अपिलाचा शेवटचा दिवस अशा ठिकाणी एवढ्यावरून सबंध प्रकरण फिरू शकते. नोंद कोणत्या वेळेतील आहे हे पाहिल्यावाचून तारखेचा निष्कर्ष काढू नये.

‘कोणी पाठविले’ हा पहिला प्रश्न अजून उरतोच. येथे कायद्याची भूमिका मोठी सावध आहे. पाठविणाऱ्याच्या यंत्रात घातलेला मजकूर आणि घेणाऱ्यास मिळालेला मजकूर एकच आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते, परंतु तो कोणत्या व्यक्तीने पाठविला याविषयी काहीही गृहीत धरावयाचे नाही. जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ८८-अ मध्ये हे होते व नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९० मध्येही ते कायम आहे. ज्या कार्यालयात एकच परवलीचा शब्द चौघांना ठाऊक असतो, ग्रामपंचायतीचे खाते ज्याला सवड असेल तो उघडतो, किंवा शाळेचा ई-मेल लिपिक, मुख्याध्यापक व संस्थाचालक असे तिघेही वापरतात, तेथे पत्र नेमके कोणाचे हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. अशा वेळी आधीची व नंतरची पत्रे, त्यांवर झालेली कार्यवाही, पत्रातील केवळ त्या व्यक्तीसच ठाऊक असावी अशी माहिती, यांचा आधार घ्यावा लागतो.

जालन्याचे प्रकरण

मूळ मजकूर तोच आहे हे सिद्ध करण्याचा मार्ग म्हणजे दाखला. त्याचे महत्त्व महाराष्ट्रातील एका निवडणूक तंट्याने सबंध देशाला शिकविले. ई-मेल, ध्वनिचित्रफीत वा दूरध्वनीची नोंद असो, संगणकातून काढलेल्या प्रत्येक प्रतीला पुराव्याचा एकच नियम लागतो. म्हणून हे प्रकरण ई-मेलचे नसले तरी ई-मेल वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर ४५,०७८ मते मिळवून विजयी झाले. कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मते पडली. अंतर अवघे २९६ मतांचे होते. २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजेपर्यंत उमेदवारी अर्ज भरावयाचे होते आणि विजयी उमेदवाराचा अर्ज त्या वेळेनंतर दाखल झाला, असा आक्षेप घेऊन उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे निवडणूक याचिका करण्यात आल्या. एक याचिका पराभूत उमेदवाराची व दुसरी एका मतदाराची होती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व बाहेर त्या दिवशी ध्वनिचित्रमुद्रण झालेले होते. म्हणजे घड्याळाचा साक्षीदार हजर होता.

अडचण निराळीच निघाली. मूळ मुद्रण शासकीय यंत्रणेच्या ताब्यात होते आणि न्यायालयापुढे आल्या त्या त्याच्या तबकड्या, म्हणजे प्रती. त्या वेळच्या पुरावा अधिनियमातील कलम ६५-ब प्रमाणे अशा प्रतीसोबत, ती कोणत्या यंत्रातून व कशी काढली हे सांगणारा आणि त्या यंत्राची जबाबदारी असणाऱ्या व्यक्तीने स्वाक्षरी केलेला दाखला लागतो. २०१४ मध्येच अन्वर विरुद्ध बशीर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा दाखला अनिवार्य ठरविला होता. याचिकाकर्त्यांनी दाखल्यासाठी पुनःपुन्हा अर्ज केले. संबंधित अधिकाऱ्यांनी तो दिला नाही. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष नोंदवून ती पुरेशी मानली आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी ती निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. दरम्यान २०१८ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात दाखल्याचा नियम शिथिल करणारा निर्णय आल्यामुळे नेमके काय खरे, असा पेच पडला आणि प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला.

१४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन, रवींद्र भट व रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निर्णय दिला. दाखला आवश्यकच आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच, उदाहरणार्थ स्वतःचा मोबाइल वा लॅपटॉप, मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणून सिद्ध केले, तर दाखल्याची गरज नाही. परंतु मजकूर दूरच्या मोठ्या यंत्रणेत असेल व ती उचलून आणणे शक्य नसेल, तर दाखल्यावाचून गत्यंतर नाही. ई-मेल बहुधा या दुसऱ्या प्रकारातच मोडतो. मात्र पक्षकाराने दाखला मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले असेल आणि तो देणे ज्याच्या हाती होते त्यानेच नकार दिला असेल, तर अशक्य गोष्ट कायदा मागत नाही, या तत्त्वाने त्याला माफी मिळते. जालन्याच्या याचिकाकर्त्यांना ती मिळाली. तबकड्यांखेरीज इतर पुरावाही त्याच निष्कर्षाकडे नेणारा होता. अपिले फेटाळण्यात आली.

परंतु निकाल लागला तेव्हा ती विधानसभा संपून ऑक्टोबर २०१९ मध्ये नवी निवडणूकही होऊन गेली होती. एका पानाच्या दाखल्यासाठी जो काळ गेला त्याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात मांडता येत नाही. दाखला म्हणजे कोणाच्या बाजूने दिलेली साक्ष नव्हे. प्रत कोठून व कशी काढली एवढेच त्यात असते. हे लक्षात घेतल्यास तो नाकारण्याचे कारण अधिकाऱ्यास राहू नये. आणि नागरिकाच्या दृष्टीने याच प्रकरणाचा व्यवहारी अर्थ असा की, दाखल्याची मागणी तोंडी न करता लेखी करावी, तिची पोच घ्यावी आणि नकार आला तर तोही जपून ठेवावा. माफी मिळते ती त्या कागदांच्या बळावरच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलात आला असून दाखल्याचा नियम आता त्याच्या कलम ६३ मध्ये आहे. त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्या अधिनियमाप्रमाणेच चालतात. नव्या अधिनियमाने ‘दस्तऐवज’ या शब्दाच्या अर्थातच ई-मेलचा उल्लेख केला आहे. दाखल्याचा नमुना अनुसूचीत दिला असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरून स्वाक्षरी करावयाची. त्यात ‘हॅश’ नावाची एक किंमत लिहावी लागते. तिला मजकुराच्या अंगठ्याचा ठसा म्हणता येईल. ठरलेल्या गणिती रीतीने संगणक सबंध मजकुरापासून अक्षरे व अंकांची एक माळ तयार करतो. एसएचए-२५६ या रीतीत ती ६४ चिन्हांची असते. मूळ मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी सारी माळ बदलते. म्हणून पत्र हाती येताच हॅश काढून ठेवली, तर पुढे मजकुरात फेरफार झाल्याचा आरोप करणे विरुद्ध पक्षाला अवघड जाते. तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ कोठून आणावा, ही अडचण मात्र खरी आहे.

लवाद आणि भोपाळच्या पीठासह राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण यांना पुरावा कायद्याचे काटेकोर बंधन नाही. तेथे साध्या छापील प्रतीही पुष्कळदा चालून जातात. पण त्या चालतात विरुद्ध पक्षाने हरकत घेतली नाही तोवर.

शिक्षकांसाठी एक विशेष बाब

महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या शिक्षकांना १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमान्वये शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. बडतर्फी, सेवासमाप्ती वा पदावनतीचा आदेश मिळाल्याच्या तारखेपासून त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. पुरेसे कारण दाखविल्यास न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते. संस्थेने आदेश ई-मेलने धाडला आणि कागद महिन्याने टपालाने आला, तर ‘मिळाल्याची तारीख’ कोणती, हा वाद हमखास उद्भवतो. सुज्ञ शिक्षकाने पहिलीच तारीख धरून चालावे. उलटपक्षी, राजीनाम्याविषयी त्याच अधिनियमाच्या कलम ७ मध्ये दोन प्रती, दोहोंवर स्वाक्षरी व तारीख आणि एक प्रत व्यवस्थापनाकडे रजिस्टर टपालाने, अशी रीत सांगितली आहे. रागाच्या भरात रात्री पाठविलेल्या दोन ओळींच्या ई-मेलला संस्थेने राजीनामा म्हणून पुढे केल्यास, या कलमावर बोट ठेवता येईल. उज्जैनच्या शाळांना हा अधिनियम लागू नाही. तेथील शिक्षकांनी मध्य प्रदेशचे नियम पाहावेत.

नोटीस व समन्स ई-मेलने येण्याचे प्रमाणही वाढले आहे. साथीच्या काळात, १० जुलै २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नोटिसा, समन्स व दाव्याचे कागद ई-मेलने, तसेच व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनांनी बजावण्यास परवानगी दिली. परंतु पोलिसांनी चौकशीस हजर राहण्याची जी नोटीस द्यावयाची, ती या मार्गाने देता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे, कारण तेथे माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असतो. ‘पोलीस’ वा ‘न्यायालय’ असे नाव लावून पैसे मागणारे ई-मेल अलीकडे फार येतात. असे पत्र आल्यास त्याला उत्तर न देता व ते पुसून न टाकता, जवळच्या पोलीस ठाण्यात मूळ पेटीसह दाखवावे अथवा १९३० या क्रमांकावर कळवावे.